सुगराबींच्या वाफ्यातलं रोप

“हा सब्जा हाय,” मैनाबाई म्हणाल्या.

मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं चाललं होतं. अंतरपाटाचं एक टोक सोसायटीच्या सेक्रेटरी पद्मजाताईंच्या हातात, दुसरं सी विंगमधल्या निवृत्त बँक मॅनेजरांच्या. एका बाजूला ताम्हनात पिवळं वस्त्र गुंडाळलेला बाळकृष्ण आणि दुसऱ्या बाजूला नव्यानं रंगवलेल्या वृंदावनात हिरव्या बांगड्या ल्यालेली, हळदकुंकवानं माखलेली नवरी. अक्षता टाकायच्या निमित्तानं मैनाबाई वाकल्या, त्यांनी नवरीचं एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात हे वाक्य उच्चारलं. मैनाबाईंचा सगळा जन्म धायरीच्या रानात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारण्यात गेलेला असल्यामुळे ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

“काय म्हणालात?” पद्मजाताईंनी अंतरपाट न सोडता विचारलं.

“सब्जा. सरबतात बी टाकत्यात न्हाई का, त्यो. तुळस न्हाई ही. वास घ्या की.”

मंगलाष्टकं थांबली. दोघीतिघींनी पुढे होऊन वास घेतला आणि एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा मग नळापाशी उभ्या असलेल्या दत्तोबांकडे वळल्या, कारण बागेतली प्रत्येक गोष्ट दत्तोबांना विचारायची असा प्रघात पडून गेला होता.

“काका, हे रोप तुम्ही कुठून आणलंत?” पद्मजाताईंनी विचारलं.

दत्तोबांनी तोंड उघडलं. त्यांना समोर पपईच्या झाडाखाली सुगराबी दिसत होत्या. प्रसादाच्या बोरं-आवळ्यांचं ताट हातात धरून त्या उभ्या होत्या आणि कार्यक्रम सुरू झाल्यापासून एकटक त्या रोपाकडे बघत होत्या. दत्तोबांच्या ते आत्ता लक्षात आलं. त्यांचे कान तापले आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

“मी दिलं,” सुगराबी म्हणाल्या. “माझ्या वाफ्यातलं आहे.”

मग पद्मजाताईंचा चेहरा उजळला. सेक्रेटरी म्हणून त्यांनी याहून अवघड प्रसंग निभावले होते.

“अहो, मग काय बिघडलं? सब्जा म्हणजे तुळशीचीच धाकटी बहीण. आणि शेजारणीनं प्रेमानं दिलेली. कृष्ण काही कागदपत्रं तपासत नाही. चला, शुभमंगल सावधान.”

सगळे हसले, टाळ्या पडल्या, अक्षता उडाल्या. अंतरपाट दूर झाला आणि सब्जाचं लग्न लागलं. दत्तोबा नळाला पाठ लावून उभे होते. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती कोणाला दिसतही नव्हती, ही आणखी एक लाज.

दत्तोबा म्हणजे कॉर्पोरेशनच्या पाणीपुरवठ्यातले निवृत्त चावीवाले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, फिरवायची आणि कसबा पेठेतल्या गल्ल्यांना पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. हे काम करणाऱ्याला कोणी नमस्कार करत नाही. पाणी आलं तर ते धरणातून आलेलं असतं आणि नाही आलं तर ते चावीवाल्यानं अडवलेलं असतं. दत्तोबांनी सगळ्या पेठेची बोलणी खाल्ली, पण एक नियम पाळला. आपली चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. नंतर काही वर्षं टाक्यांमध्ये ब्लीचिंग पावडर टाकायच्या कामावर त्यांची बदली झाली आणि त्यात त्यांचं नाक गेलं. तेव्हापासून घरात फोडणी जळाली तरी त्यांना कळत नसे. त्यांच्या बायकोचं, प्रेमलाबाईंचं म्हणणं असं, की फोडणी चांगली झाली तरी कळत नाही, हे दुःख मोठं.

निवृत्तीनंतर दोघं धायरीच्या या सोसायटीत राहायला आले. मागं मोकळा प्लॉट होता. कधीकाळी मैनाबाईंच्या घरची ती ज्वारीची पट्टी. आता बिल्डरनं टाकलेला राडारोडा आणि काँग्रेस गवत. तिथे एका सकाळी बी विंगमधला एक म्हातारा एकटाच विटांचे तुकडे वेचून बाजूला टाकताना दत्तोबांना दिसला.

“ओळखलं का?” म्हातारा म्हणाला. “तुम्ही पाणी सोडायचात. आमच्या गल्लीला कमी सोडायचात.”

ते चांदभाई. कसबा पेठेत त्यांनी हयातभर कल्हई केली. बंगळूरला नोकरीला असलेल्या मुलानं, इम्तियाजनं, इथे फ्लॅट घेतल्यावर सुगराबींना घेऊन ते आले होते. “कमी नव्हतो सोडत, तुमची गल्लीच चढावर होती,” असं दत्तोबा म्हणाले आणि वाद घालत घालत दोघांनी विटा वेचायला सुरुवात केली. त्या वादातून बाग झाली. मैनाबाई कुंपणापलीकडून रोज बघायच्या, मग एके दिवशी आतच आल्या आणि “आसं न्हाई खणत” म्हणून चांदभाईंच्या हातातलं खोरं काढून घेतलं. ज्याला हवा त्याला वाफा मिळाला. कुणी मेथी लावली, कुणी मिरची, कानपूरच्या जोडप्यानं भोपळा. अंड्यांची टरफलं खतात टाकायची नाहीत म्हणून मॅनेजरांनी हरकत घेतली, तेव्हा चांदभाई घरी टरफलं कुटून त्याची पांढरी पूड करून आणायला लागले आणि चुना म्हणून टाकायला लागले. मॅनेजरांच्या टोमॅटोला त्या साली बहर आला. एकमेकांची नावं ठाऊक नसलेली माणसं एकमेकांच्या घरची कोथिंबीर खायला लागली.

आणि मधोमध तुळशीवृंदावन उभं राहिलं. पाण्याचा नळ अर्थातच दत्तोबांच्या ताब्यात आला. नळाला कुलूप, किल्ली दत्तोबांच्या खिशात. पेठेनं ज्यांना आयुष्यभर अरेतुरे केलं, त्यांना इथे लहानथोर सगळे ‘काका’ म्हणत. त्यांना ते फार आवडे. ते कधी बोलून दाखवत नसत, पण सकाळी बागेत जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालत.

मागच्या साली चांदभाई गेले. कबरस्तानात माती द्यायला दत्तोबा गेले होते. त्यानंतर चांदभाईंचा वाफा सुगराबी बघू लागल्या.

आता रोपाची हकिगत. दिवाळीच्या आगेमागे विश्रांतवाडीला लेकीच्या घरी दत्तोबांना आणि प्रेमलाबाईंना जावं लागलं. जावयाचं ऑपरेशन होतं. चारपाच दिवसांचं म्हणून गेले ते चांगलेच लांबले, आणि नळाची किल्ली दत्तोबांच्या खिशात त्यांच्याबरोबर विश्रांतवाडीला राहिली. कुणाला देऊन जावी असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. ऑक्टोबरचं ऊन दिवाळीतही सरलं नव्हतं. लोकांनी घरून बादल्या आणून आपापले वाफे जगवले. वृंदावनातली तुळस कुणा एकाची नव्हती, म्हणून तिला कुणी पाणी घातलं नाही. दत्तोबा परत आले तेव्हा तिच्या काड्या झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं.

संध्याकाळी ते बागेत एकटेच उभे राहिले. ‘काकांनी तुळस वाळवली,’ हे वाक्य त्यांना आधीच ऐकू येत होतं. रोपवाटिका बंद झाली असणार. मग त्यांना सुगराबींच्या वाफ्यातलं ते डेरेदार रोप दिसलं. हिरवंगार, तुरे आलेलं. पानं तशीच, तुरे तसेच. वास घेऊन बघायची सोय नव्हती. त्यांनी कडेनं खणून मातीच्या गड्ड्यासकट ते उपटलं, वृंदावनात लावलं, हात धुतले आणि घरी गेले. एकदा मनात आलं की भाभींना सांगावं. लगेच दुसरं आलं की त्यांना काय, तुळस त्यांच्या काय कामाची. एवढ्यावर ते निवांत जेवले.

लग्नाच्या रात्री मात्र जेवण गेलं नाही.

“काय हो,” भाकरी वाढताना प्रेमलाबाई म्हणाल्या, “सुगराबीनं रोप कधी दिलं तुम्हाला? काल संध्याकाळी तुम्ही एकटेच गेला होतात.”

“दिलं,” दत्तोबा म्हणाले.

“छान.”

पुण्यात ‘छान’ या शब्दाचे बरेच अर्थ होतात. हा त्यातला चांगला नव्हता.

सकाळी दत्तोबा बागेत गेले तेव्हा सुगराबी आपल्या वाफ्यात बसून रोपाच्या जागचा खड्डा हातानं बुजवत होत्या. दत्तोबा बांधाशी उभे राहिले. वृंदावनापुढे कुणीतरी लावून गेलेली उदबत्ती जळत होती.

“भाभी, चुकलं.”

“काय चुकलं, भाऊ?”

त्यांना वाटलं होतं तेवढं म्हटलं की पुरे होईल. सुगराबी वर बघत नव्हत्या, पण उत्तराची वाट बघत होत्या.

“न विचारता नेलं मी.”

“विचारलं असतं तर दिलं नसतं मी. ते ठाऊक होतं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग का नाही विचारलं?”

दत्तोबांनी खरं उत्तर शोधलं. ते सापडलं आणि सापडलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं. “विचारायचं असतं, असं वाटलंच नाही.”

सुगराबींनी माती थापटली. “हं. आम्हाला तुळस कशाला लागते.”

हे शब्द दत्तोबा कुणापुढे बोलले नव्हते. सुगराबींच्या आवाजात राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं. त्या फक्त खूप दिवसांपासून माहीत असलेली एखादी गोष्ट सांगावी तशा बोलल्या.

“यांच्या कबरीवर लावायचा होता तो,” त्या म्हणाल्या. “आमच्यात सब्जा लावतात. बी यांनीच पेरलेलं, सरबताला म्हणून. हे गेले आणि मग उगवलं. म्हटलं, त्यांचंच त्यांना पोचवू. इम्तियाज दिवाळीत बंगळूरहून येणार होता, तो लावणार होता. त्याला रजा मिळाली नाही. आमच्या घरात बायका कबरस्तानाच्या आत जात नाहीत.”

त्या उठल्या, पदराला हात पुसले.

“म्हणून ठरवलं होतं, दत्तोबाभाऊ विश्रांतवाडीहून आले की त्यांना सांगायचं. तुम्ही माती दिली होती ना. तुम्हीच लावून आला असतात.”

दत्तोबांना खाली बसावंसं वाटलं, पण त्या वाफ्याच्या बांधावर बसायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. ते उभेच राहिले.

“मग काल सगळ्यांसमोर तुम्ही दिलं का म्हणालात?”

“तुमचं तोंड बघवेना.”

“मी परत काढून आणून देतो. आत्ता.”

“कसं आणणार? बायकांनी सकाळी ओवाळलंय त्याला. उद्या मी न्यायला लागले तर काय होईल ते तुम्हीच सांगा. राहू द्या, भाऊ. जगलं पाहिजे एवढं बघा.”

आणि त्या गेल्या. दत्तोबांनी त्या दिवशी सगळ्या बागेला पाणी सोडलं ते नळ बंद करायचंच विसरले. मॅनेजरांच्या मुळ्याच्या वाफ्यात तळं झालं.

त्या दिवसापासून ती लाज सगळीकडे त्यांच्याबरोबर फिरायला लागली. कारण पद्मजाताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं: ‘आमच्या बागेत घडले ऐक्याचे दर्शन! श्रीमती सुगराबी शेख यांनी स्वतःच्या वाफ्यातील रोप तुळशीविवाहासाठी आनंदाने दिले. श्री. दत्तोबा शेलार यांच्या पुढाकाराला सलाम.’ खाली लग्नाचा फोटो. तो धायरीतल्या सोसायट्या सोसायट्यांतून फिरला. वाण्याच्या दुकानात अनोळखी माणसानं दत्तोबांचा हात हातात घेतला. “अशी माणसं हवीत,” असं म्हणाला. लेकीनं विश्रांतवाडीहून फोन केला आणि बाबांचा अभिमान वाटतो म्हणून रडली. दत्तोबा ‘हो हो’ म्हणत राहिले. प्रत्येक ‘हो’बरोबर आपण ते रोप पुन्हा एकदा उपटतो आहोत, असं त्यांना वाटत होतं.

रविवारी बागेत शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरला. कुठल्याशा वर्तमानपत्राचा माणूस उपनगरांच्या पानासाठी फोटो काढायला येणार होता. शनिवारी दत्तोबा पद्मजाताईंच्या दारात उभे राहिले.

“ताई, त्या रोपाचं जरा वेगळं आहे.”

“काय वेगळं?”

“भाभींनी तसं दिलेलं नाही ते.”

“तसं म्हणजे कसं? सगळ्यांदेखत म्हणाल्या त्या. व्हिडिओ आहे माझ्याकडे.” पद्मजाताईंनी त्यांच्याकडे समजुतीनं पाहिलं. “काका, तुम्हाला संकोच वाटतोय, कळतंय मला. पण किती वर्षांनी सगळ्यांना एकत्र असं छान वाटतंय, ते बिघडवायचं कशाला? उद्या दहाच्या आत या. शाल तुम्हालाही आहे.”

दत्तोबा घरी आले. प्रेमलाबाई इस्त्री करत होत्या. उद्यासाठी त्यांचाच शर्ट. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून दत्तोबांनी सांगितलं. शेजारणीच्या नवऱ्याच्या कबरीचं झाड आपण चोरलं, असं सरळ सांगितलं. प्रेमलाबाईंनी इस्त्री उभी केली.

“चांदभाईंच्या?”

“हो.”

“आणि त्या झाडाला मी माझ्या बांगड्या घातल्या.” त्यांनी शर्टाची उरलेली बाही इस्त्री केली. मग म्हणाल्या, “शर्ट झाला आहे. तोंडाचं तुमचं तुम्ही बघा.”

रविवारी बाग भरली होती. पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर सुगराबी पदर सावरून अवघडून बसल्या होत्या. त्यांना पद्मजाताई स्वतः जाऊन घेऊन आल्या होत्या, नाही म्हणायची सोय ठेवली नव्हती. दुसरीवर दत्तोबा. पद्मजाताई बोलल्या आणि चांगलं बोलल्या. माती कुणाची जात विचारत नाही वगैरे. फोटोवाल्यानं वृंदावनातली नवरी चौकटीत येईल असं दोघांना सरकून बसायला सांगितलं. मॅनेजरांनी शाल उलगडली आणि सुगराबींकडे वळले.

“थांबा,” दत्तोबा उभे राहिले. “यांनी दिलं नाही. मी आदल्या संध्याकाळी उपटून आणलं. न विचारता.”

शाल मॅनेजरांच्या हातात तशीच राहिली.

“काका, अहो...” पद्मजाताई म्हणाल्या.

“आपली तुळस माझ्यामुळं वाळली. किल्ली मी खिशात घेऊन गेलो होतो. बोलणी बसतील म्हणून मी ही उचलून लावली. मला वासाचं कळत नाही. आणि कळलं असतं, तुळस असती, तरी ती यांचीच होती.” त्यांचा आवाज चिरकला, तो त्यांनी सावरला. “चांदभाईंच्या कबरीवर लावायला वाढवली होती यांनी. मला खोटं पाडायचं नाही म्हणून या त्या दिवशी बोलल्या. ते रोप यांना परत द्यायचं आहे. मला बाकी काही म्हणायचं नाही.”

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायचं काही नव्हतंच. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला आणि घड्याळात पाहिलं.

“म्हणजे इतके दिवस आम्ही कबरीच्या झाडाला...” ए विंगमधली एक बाई बोलायला लागली आणि सुगराबींकडे लक्ष जाऊन मध्येच थांबली.

“मग काय झालं?” मैनाबाई कडाडल्या. “चांदभाईच्या हातची टमाटी खाल्लीस तवा बरं चाललं? आता मेल्यावर त्यो बाटवतोय व्हय तुला?”

बाई खाली बघायला लागली. मॅनेजरांनी शालीची घडी घातली. “पुढच्या वेळी आधी ठरवा कुणाला घालायची ते,” ते म्हणाले. “माणसं उन्हात उभी आहेत.”

पद्मजाताईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी ग्रुपवर काय काय लिहिलं होतं, ते त्यांना आठवत असावं. त्या दत्तोबांजवळ आल्या आणि अगदी सभ्य आवाजात म्हणाल्या, “दत्तोबा, नळाची किल्ली माझ्याकडे द्या. यापुढे आपण ती ऑफिसात ठेवू.”

‘काका’ गेलं होतं. दत्तोबांनी किल्ली काढून दिली. कॉर्पोरेशनच्या सगळ्या नोकरीत जे केलं नाही ते इतक्या माणसांसमोर करताना त्यांना वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. त्यापेक्षा अवघड पुढेच होतं.

सुगराबी खुर्चीवरून उठल्या आणि वृंदावनाशी गेल्या. रोप हलवायचं तर आधी त्याचा साज उतरवायला हवा होता. त्यांनी फांदीवरची एक हिरवी बांगडी धरली आणि पान तुटू नये म्हणून हलक्या हातानं ती वर सरकवून काढली. मग दुसरी. बांगडी बांगडीला लागून किणकिण झाली तेवढीच. जमलेल्या बायका एकेक करून दुसरीकडे बघायला लागल्या. नवरा गेलेल्या बाईच्या हातानं हे होताना बघणं कुणालाच सोसेना. सगळ्या बांगड्या निघाल्यावर त्यांनी त्या प्रेमलाबाईंच्या हातात दिल्या.

“तुमच्या आहेत ना,” त्या म्हणाल्या. “एकही फुटली नाही.”

प्रेमलाबाईंनी बांगड्या घेतल्या आणि सुगराबींचा हात थोडा वेळ सोडला नाही. दत्तोबा कुदळीनं कडेची माती सैल करत होते. त्यांना डोकं वर काढता येईना. मैनाबाईंनी तेलाचा रिकामा डबा आणून दिला, रोप गड्ड्यासकट त्यात बसवलं आणि मुळाशी बोटानं माती दाबली. “दोनदा उपाटलंय. जगंल का न्हाई सांगता यायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर तुरं वाळाय आल्यात. बी तरी पडंल.”

दुपारी दत्तोबा डबा घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभे राहिले. सुगराबी आपल्याला कबरस्तानात बरोबर नेतील की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. डबा त्यांच्या हातातून घेऊन दुसऱ्या कुणाला दिला असता तरी त्यांनी काही म्हटलं नसतं. सुगराबी काळा बुरखा घालून आल्या, त्यांच्याकडे आणि डब्याकडे पाहिलं आणि रिक्षाला हात केला. रिक्षा सिंहगड रोडनं शहरात शिरली. डबा दत्तोबांच्या मांडीवर होता. कुठल्यातरी सिग्नलला त्यांनी अंगठ्यानं एका पानावरचं कुंकू पुसून पाहिलं. ते आणखी पसरलं.

कबरस्तानाच्या फाटकाशी लिंबाखाली बाक होता. सुगराबी तिथे बसल्या. “आत जाऊन उजवीकडे. भिंतीशी,” एवढं त्यांनी सांगितलं.

आत गेल्यावर दत्तोबांना काही ओळखू येईना. मागच्या साली ते गर्दीबरोबर आले होते आणि गर्दीबरोबर गेले होते. शेवटी तिथल्या राखणदारानं विचारलं, “किसकी देखते?”

“चांद शेख. कल्हईवाले.”

“तुम्ही कोण त्यांचे?”

गेल्या आठवड्यापर्यंत दत्तोबांनी छाती पुढे काढून ‘दोस्त’ म्हटलं असतं. “शेजारी,” ते म्हणाले.

भिंतीलगतच्या साऱ्या कबरी सब्जानं भरल्या होत्या. उन्हात त्याचा वास सुटला असणार; राखणदार खोल श्वास घेत चालला होता. चांदभाईंची कबर तेवढी उघडीबोडकी होती, वाळकं गवत आणि भेगा. दत्तोबा तिच्याजवळ उकिडवे बसले. कुदळ आणायची राहिली होती. त्यांनी राखणदाराला मागितली नाही. हातानंच खणलं, माती कडक होती, नखं दुखली. चांदभाईंना सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी रोप सरळ धरलं, माती ओढली, नळावरून डब्यात पाणी आणून घातलं. पानांवर अजून कुंकवाचे डाग होते. तेही पाण्यानं धुवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण सगळे गेले नाहीत. मग ते उठले.

सुगराबी बाकावर होत्या तशाच बसल्या होत्या.

“लागलं?” त्यांनी विचारलं.

“लागलं.”

“सरळ आहे ना?”

“सरळ आहे.”

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि दत्तोबांनीही तसं काही मागितलं नाही. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते, एका नखातून रक्त येत होतं. सुगराबींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि बाटली तिरकी धरून थांबल्या. दत्तोबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि बाटली संपेपर्यंत त्या त्यांच्या हातांवर पाणी ओतत राहिल्या.